हरवलेल्याने हलायचं नाही

वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. त्यांनी सामान लावता लावता सहज विचारलं, "काका, आधी इथे कोण राहायचं?" मी म्हणालो, "एक ताई होती आणि तिचा धाकटा भाऊ." ते पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले आणि मला पुढचं वाक्यच सुचेना. "चांगली माणसं होती," असं काहीतरी पुटपुटून मी दार लावून घेतलं.

इतकी वर्षं ती वर राहिली आणि माझ्या तोंडातले दात तिने केले, तरी सांगायला माझ्याकडे दोन वाक्यं. खरं सांगायचं तर मी तिला फारसं ओळखत नव्हतो. तिला कशाने रडू यायचं, लग्न करायचं होतं की नव्हतं, एकटी असताना ती काय विचार करायची, यातलं मला काहीच माहीत नाही. छतातून ऐकू आलं ते आणि जिन्यात बोलणं झालं ते, एवढ्यावर माझी माहिती संपते. पण एका दिवशी मी तिच्याबरोबर गावभर फिरलो. तो दिवस मला नीट आठवतो. लिहायची सवय नाही, तेव्हा मागचं पुढे होईल, ते सांभाळून घ्यावं.

आमची ओळख जिन्यात झाली. डॉक्टरांकडून नवी कवळी बसवून मी वर चढत होतो. तोंडात कोणीतरी खुर्ची ठेवून गेल्यासारखं वाटत होतं. ती समोरून उतरत होती. मी नेहमीसारखी मान हलवली आणि बहुतेक थोडासा हसलो. ती जागच्या जागी थांबली.

"काका, परत हसा जरा."

मी घाबरलो. या वयात जिन्यात कोणी हस म्हणून सांगत नाही. तरी हसलो.

"ही माझी आहे!" ती म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात आणि त्यावरून ही कवळी घडवते. पुढचा एक दात ती मुद्दाम किंचित तिरका बसवते. "सगळे शाळेतल्या रांगेसारखे सरळ उभे राहिले की खोटे दिसतात हो. पण आमचं काम कोणाच्या तोंडात जातं ते आम्हाला कधी कळतच नाही. आज पहिल्यांदा जिना चढताना दिसलं."

त्यानंतर कवळी टोचली की मी डॉक्टरांकडे जात नसे. ती संध्याकाळी एक बारीक कानस घेऊन खाली यायची, केसांत लॅबमधलं पांढरं प्लास्टर तसंच. टोचतं तिथे घासायची, परत बसवायची आणि म्हणायची, "एकसष्टपासून मोजा." एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना शिट्टी वाजली तर कवळी नीट बसली नाही असं समजायचं. माझं मोजणं जिन्यात ऐकू जाई आणि वरून तिचा भाऊ ओरडे, "काका, परीक्षा कधी आहे?"

या भावाला ती बारक्या म्हणायची. दारातून आत यायला त्याला वाकावं लागे, पण नाव बारक्याच. तो तिला तायडे म्हणायचा. वडील तो लहान असतानाच गेलेले. आई गेली तेव्हा ताई नुकती कामाला लागली होती आणि हा शाळेत होता. त्यानंतर त्याचं शिक्षण, आजारपण, मित्र, केस कापणं, सगळं हिनेच बघितलं. तो लिफ्ट बसवण्याच्या कामात शिरला. इमारत उभी राहताना लिफ्टसाठी जो वरपासून खालपर्यंत पोकळ खड्डा सोडतात, त्यात दोराला लटकून काम करायचं. तो कामावर गेला की हिचा जीव टांगणीला. घरी आल्यावर हा जिन्यात मुद्दाम पाय आपटत चढायचा. मला वाटायचं, काय धसमुसळा मुलगा आहे. ते आपण आलो हे तिला कळावं म्हणून असायचं, हे मला फार उशिरा समजलं.

तर तो रविवार. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने बारक्या लांबच्या एका मोठ्या शहरात नोकरीला जाणार होता. उंच इमारत, मोठं काम, किमान दोन वर्षं. ताईने स्वतःच त्याला जा म्हणून सांगितलं होतं. आठवडाभर दोघं वर अगदी गुण्यागोविंदाने बॅगा भरत होती. रविवारी सकाळी मात्र छतावर काहीतरी लोखंडी धाडकन आदळलं आणि पाठोपाठ नटबोल्ट घरंगळत गेले. मग आवाज चढले. मी कान दिला नाही, पण आमचं छत पातळ आहे.

"हे काय चाललंय तुझं?"

"कॉट काढतोय."

त्यांच्याकडे लहानपणापासूनची एकावर एक अशी दुमजली लोखंडी कॉट होती. हा वर झोपायचा, पाय गजांमधून बाहेर काढून. ती खाली.

"अगं, वरची निघाली की तुला सरळ उठून बसता येईल. इतकी वर्षं वाकून उठतेस."

"मी तक्रार केली होती?"

"तक्रार कशाला करायला पाहिजे?"

"आज काढायची होती? अजून एक रात्र झोपायचंय ना तुला तिच्यावर? की तेवढंही नकोय?"

"तायडे, तू काहीतरी भलताच अर्थ काढतेस."

"काढ, काढ. सगळंच काढून टाक. पडदे पण ने. गेलास की मला घर तरी मिळेल."

मग दार आपटलं आणि थोड्याच वेळात माझी बेल वाजली. ताई उभी होती, हातात कानस. डोळे लाल.

"काका, कवळी टोचत होती ना तुमची?"

टोचत नव्हती. पण मी ती काढून तिच्या हातात दिली. ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली आणि घासायला काहीच नव्हतं तरी घासत राहिली. मी चहा ठेवला. दार लावलेलं होतं. थोड्या वेळाने जिन्यातून मोठी पावलं धाडधाड उतरत गेली, आमच्या दारावरून, खाली, रस्त्यावर.

"गेला," ती मान वर न करता म्हणाली. "जाऊ दे. बसेल कुठेतरी जाऊन."

चहा पिऊन ती वर गेली आणि लगेच परत आली. त्याचा फोन टेबलावर होता. मी म्हणालो, म्हणजे बोळक्या तोंडाने म्हणायचा प्रयत्न केला, की मित्रांकडे फोन करून विचार. ती म्हणाली, "फोन करायचा नसतो काका. तो मुद्दाम ठेवून जातो. मी पण माझा ठेवूनच निघते. तुम्ही येता का माझ्याबरोबर? एकटी गेले तर वाटेत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहीन, आणि सापडेल तेव्हा परत तोंडावर भांडेन."

मला बाहेर जायचा कंटाळा आणि गुडघे दुखतात. पण तिला नाही म्हणायला शब्द लागले असते, आणि माझे दात कुठे आहेत ते मला आठवेना. चपला घालून निघालो.

वाटेत तिने सांगितलं ते असं. आई डेपोच्या कँटीनमध्ये कामाला होती. सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन बाजारात जायची. गर्दी फार. तिने नियम घालून दिला होता: चुकामूक झाली तर हरवलेल्याने हलायचं नाही, जिथे आहे तिथेच उभं राहायचं. मोठीने शोधत यायचं. बारक्या एकदा खरंच हरवला, तेव्हा कपड्याच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याचा हात धरून उभा राहिला. दुकानदाराने बिस्किट दिलं, पाणी दिलं, आत बोलावलं, पण हा तसूभर हलला नाही. ताई आली तेव्हा म्हणाला, "किती वेळ लावलास! पुतळा कंटाळला."

आई गेल्यावर हा नियम दुसऱ्याच कामाला आला. भांडण झालं की बारक्या फोन ठेवून निघून जायचा आणि लहानपणच्या कुठल्यातरी जागी जाऊन बसायचा. कुठे ते सांगायचा नाही. मग राग उतरला की ताईने ओळखून शोधत जायचं. गेली की विचारायची, "हरवलास का रे बाळा?" तो म्हणायचा, "हो, माझी ताई बघितली का कुठे? बुटकी आहे, सारखी ओरडते." झालं भांडण संपलं. माफी नाही, काही नाही. दोघं घरी.

"कधी चुकलं नाही माझं," ती म्हणाली. "दुसऱ्या जागी तर हमखास सापडतो."

पहिली जागा शाळेची मागची भिंत. नव्हता. तिथे दोन कुत्री झोपली होती. दुसरी जागा तरणतलाव, तिथे पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे, वरच्या कोपऱ्यात तो बसतो म्हणे. नव्हता. खाली मुलं पाण्यात उड्या मारत होती आणि ती प्रत्येक उडीला दचकत होती. वाचनालय रविवारी बंद, त्याच्या ओट्यावर कोणी नाही. कपड्याचं दुकान आता औषधांचं झालं होतं, तरी आम्ही त्याच्या दारात जाऊन आलो.

चौथ्या जागेनंतर तिचं चालणं बदललं. आधी माझ्या गुडघ्यांसाठी हळू चालत होती, आता विसरली. हात सारखा कुर्त्याच्या खिशात, आतलं काहीतरी बोटांनी फिरवत.

"उद्या पहाटे गाडी आहे," ती म्हणाली. "आणि आज भेटायचंच नाही असं त्याने ठरवलं असलं तर? मित्राकडे झोपून तिथूनच गेला तर?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"तुम्हाला माहीत नाही काका. परवा कामाला लागेल. नवीन जागा, नवीन माणसं. आणि डोक्यात काय असेल? मी बोलले ते. त्या खड्ड्यात दोर बांधताना एक गाठ बघायची राहिली की..." पुढचं मला दिसलं. इतका वेळ मी बहीणभावाचं लटकं भांडण बघायला निघालो होतो. तिची भीती काय आहे ते मला त्या क्षणी कळलं.

शेवटची जागा डेपोचं कँटीन. तिथे ती कधी शोधायला जायची नाही, कारण आई गेल्यापासून बारक्या तिकडे फिरकत नसे. आत ड्रायव्हर-कंडक्टर जेवत होते, ताटांचा आवाज, बाहेर बसचे हॉर्न. काउंटरवर आईच्या वेळची एक ठसठशीत बाई होती. ताईला बघताच ती हातातला डाव खाली ठेवून म्हणाली, "अगं, आलीस का तू! कुठे होतीस?"

"मावशी, बारक्या आला होता?"

"तो तुलाच विचारत आला होता! म्हणाला, ताई येऊन गेली का? चेहरा एवढासा झालेला. चहा दिला तर घेतला पण नाही पोराने. मी म्हटलं, अरे काय झालं? तर म्हणाला, ताई हरवलीय."

"मी?"

"आणि कोण? फोन घरी टाकून निघून गेली म्हणाला, कॉटवर होता फोन. आता गावभर शोधतोय तुला." मावशीने आमच्या दोघांकडे बघितलं. "तू त्याला शोधतेस?"

ताईचा फोन सकाळी वरच राहिला होता, मुद्दाम नव्हे. ती रागाने बाहेर पडली ती एक मजला खाली आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसली. त्याला वाटलं, या वेळी ताई निघून गेली. मग नियमाप्रमाणे त्याने आपला फोन ठेवला आणि तो शोधायला निघाला. ज्याला आम्ही रुसून गेलेला समजलो, तो तिला शोधायला धावत होता.

"कमाल आहे तुमची," मावशी म्हणाली. "दोघंही शोधायला निघालात तर सापडणार कोण? तुमच्या आईने हेच शिकवलं का?"

ताई दाराकडे धावली. मावशीने तिचा दंड धरला. "आता हलू नकोस. बस इथे."

"तो इथे येऊन गेलाय मावशी. परत कशाला येईल? तो आता मी जिथे असेन तिथे जाईल ना."

"मग तू कुठे असतेस? रागावल्यावर कुठे जाऊन बसतेस?"

ताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मी कुठेच जात नाही काका. मला जागाच नाहीये. मी नेहमी शोधायलाच जायचे."

आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. बाहेरचं ऊन कलत होतं. बसणं तिला जमेना. सारखी उठायची, दाराशी जायची, मावशीने डोळे वटारले की परत यायची. एकदा म्हणाली, "समजा तो घरी पोचला असेल तर?" एकदा म्हणाली, "समजा स्टेशनवर गेला असेल तर?" प्रत्येक बस आली की खिडक्या बघायची. मी तिला धीर द्यायला हवा होता, पण मुळात मला ते येत नाही. त्यातून दात नाहीत. "येई", "थांब", एवढंच तोंडातून फुसफुसत बाहेर पडे. शेजारच्या टेबलावरचा कंडक्टर दयेने माझ्याकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने ती टेबलावर नजर लावून म्हणाली, "हे असं असतं होय. बसून राहायचं. मी कधी मुद्दाम उशिरा जायचे, चांगला धडा मिळू दे म्हणून. प्रत्येक वेळी त्याला वाटत असेल का हो, की ही आज नाही येणार?"

मी तिच्या हातावर हात ठेवायचा विचार केला. ठेवला नाही. आपण कोण, असं वाटलं.

तेवढ्यात ती खिशातून हात काढून कपाळ पुसायला गेली आणि तिच्या मुठीत माझी कवळी होती. दिवसभर तीच फिरवत होती. ती बघून तिला एकदम हसू फुटलं, मग त्यातच रडू. "अय्या काका! तुमचे दात! तुम्ही मागायचे नाहीत का?"

"काय खाऊन मागू?" मी म्हणालो. तिला ते कळलं नसावं, पण मावशी मोठ्याने हसली. मी नळावर जाऊन कवळी धुतली, बसवली, आणि वळलो तर दारातून कोणीतरी वाकून आत येत होतं.

बारक्याचा शर्ट घामाने ओला होता. तो आत आला आणि सगळ्या कँटीनसमोर ओरडला, "हलायचं नाही एवढं कळत नाही का गं तुला?"

"मी हरवलेच नव्हते!"

"मग मी कोणाला शोधतोय सकाळपासून? शाळा झाली, तलाव झाला, तुझी लॅब झाली, कुलूप बघून आलो. तुझी जागा कुठली तेच मला माहीत नाही! शेवटी माझ्याच जागा परत पहिल्यापासून फिरायला लागलो."

"मी काकांकडे होते."

"काकांकडे म्हणजे?"

"खाली. चहा पीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला तो बसलाच. "एक मजला खाली," तो म्हणाला. "एक मजला खाली! आणि मी तलावात माणसं मोजत होतो." तलावात तो का मोजत होता ते कोणी विचारलं नाही.

ताई त्याच्या समोर उभी राहिली. सकाळचं काही बोलेल असं मला वाटलं. तिने त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि म्हणाली, "त्या खड्ड्यात उतरताना गाठ दोनदा बघायची. घाई असली तरी. कोणी हसलं तरी."

"बघेन."

"माझी शपथ घे."

"तायडे, लोक बघतायत."

"बघू देत. घे."

त्याने घेतली. मावशीने न विचारताच तिघांपुढे ताटं ठेवली.

त्या रात्री छतावर परत नटबोल्टचे आवाज आले. कॉट उतरवत होते की परत चढवत होते, मला कळलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पहाटे जिना वाजला. या वेळी दोघांची पावलं होती, आणि सावकाश.

त्यानंतर ताई एकटी राहिली. पहिले काही आठवडे ती माझ्याकडे काही ना काही निमित्ताने यायची आणि विचारायची, "काका, तुम्हाला वाटतं का तिथे वाराही जास्त असेल?" वाऱ्याचं मला काय ठाऊक. मी म्हणायचो, "नसेल फार." तेवढ्यावर ती वर जायची. बारक्याचा फोन येई, मोठ्याने बोलणं होई, तरी तिची काळजी कमी झाली असं मला कधी वाटलं नाही. एवढं मात्र बदललं की रविवारी सकाळी ती बाहेर पडायला लागली, रिकाम्या हाताने, संध्याकाळपर्यंत. एकदा धीर करून मी विचारलं, "कुठे असतेस गं?" ती म्हणाली, "सांगितलं तर मग ती जागा कसली?" मी बरं म्हणालो. त्या जागेचा पत्ता बारक्याला मिळाला की नाही हेही मला ठाऊक नाही.

पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पुतण्या मला एका सोमवारी सकाळी आपल्या घरी घेऊन गेला. वाटलं होतं त्यापेक्षा फार दिवस तिकडेच गेले. परत आलो तेव्हा वरच्या दाराला कुलूप होतं. कोणी म्हणालं भावाकडे गेली, कोणी म्हणालं दुसऱ्या गावात लॅबमध्ये मोठी जागा मिळाली. माझ्या दाराशी ती चौकशीला येऊन गेली होती, असंही शेजारी सांगतात. ऑपरेशनचं मी तिला सांगितलंच नव्हतं. उगाच काळजी करेल, असं वाटलं. पुतण्या न्यायला आला त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमचं शेवटचं बोलणं झालं. ती जिना उतरताना माझ्या दाराशी थांबली. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"काका, येताना काही आणायचंय?"

"ब्रेड आण. लहान."

"कापलेला की अख्खा?"

"कापलेला."

"बरं."